भाकरी फुगली, पाय सुजला, गर्दी वाढली : एका इंग्रजी क्रियापदाची सोलापुरातली गोष्ट

(दृश्य : पहाटेचा स्वयंपाक, तव्यावर ज्वारीची भाकरी)

सकाळचे साडेसहा. भाकरी तव्यावरून उचलून जाळावर धरली, आणि बघा, टम्म. आतल्या पाण्याची वाफ झाली, वाफेला पाण्यापेक्षा हजारपटीनं जास्त जागा लागते आणि बाहेर पडायला वाट नाही, म्हणून पापुद्रा सुटून वर आला. आपण म्हणतो भाकरी फुगली.

त्याच घरातल्या आजी दिवसभर मांडी घालून बिड्या वळतात. संध्याकाळी उठतात तेव्हा घोटे भरलेले असतात. आपण म्हणतो पाय सुजले. ते पण टम्मच.

आता इंग्रजीचा शब्द घ्या, स्वेल. शाळेच्या वहीत आपण सगळ्यांनी लिहिलंय, स्वेल म्हणजे सुजणे. आणि विषय संपला. पण मग पेपरात वाचतो, ‘द क्राउड स्वेल्ड’, आणि पोरगं विचारतं, गर्दी सुजली म्हणजे काय हो? त्याचं काहीच चुकलेलं नाही, आपण त्याला शब्दाचा एकच कोपरा दाखवला.

मला वाटतं स्वेल समजायचा असेल तर आधी हरभरे बघायचे. रात्री मूठभर भिजत घातले, सकाळी दुप्पट. पाणी आत मुरलं आणि दाणा आतून बाहेर ताणला गेला, हळूहळू. हा खरा स्वेल. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकतं ना, लाकूड दमट हवा पिऊन फुगलेलं असतं, तिथंही स्वेलच. मोबाईलची बॅटरी आतल्या गॅसनं फुगून मागचं कव्हर उचलते, तिला म्हणतात स्वोलन बॅटरी, आणि ती दिसली की चार्जिंग बंद करायचं, हे जाता जाता सांगून ठेवतो. भाकरीला मात्र इंग्रजीत सहसा स्वेल म्हणत नाहीत, ती झटक्यात वाफेनं फुगते, तिला ‘पफ अप’. पाव-नानचं पीठ फुगून आलं तर ‘राइज’. फुग्यात हवा भरली तर ‘इन्फ्लेट’. आपल्याकडं सगळीकडं फुगणे एकच चालतं, तिकडं वेगवेगळे, आणि इथंच आपली गडबड होते.

(दृश्य : पुराचं पाणी, बुडालेला ऊस)

नदीचं बघा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेनं आपल्या जिल्ह्यात काय केलं ते माढा-मोहोळकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मराठीत आपण म्हणतो नदीला पूर आला, पाणी चढलं, नदी दुथडी भरून वाहतीय. इंग्रजीत एवढंच, ‘स्वोलन रिव्हर’. आणि आपण अगदीच लांब नाही बरं का, उजनी धरणाच्या मागं जे पाणी पसरतं त्याला आपण फुगवटाच म्हणतो की.

शब्द फार जुना आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही होता, जर्मनमध्ये त्याचाच भाऊबंद श्वेलन. भूतकाळ आता साधा झालाय, स्वेल्ड, पण तिसरं रूप स्वोलन टिकून राहिलं. ‘स्वेल्ड’ तिसरं रूप म्हणूनही चालतं, पण दोन्हींत एक बारीक फरक आहे जो क्लासमध्ये फारसा कोणी सांगत नाही. नुसता आकडा वाढला तर बहुतेक वेळा ‘हॅज स्वेल्ड’. वाढलेलं त्रासाचं असेल, पाय, डोळे, पुराची नदी, तर ‘स्वोलन’.

(दृश्य : जानेवारी, सिद्धेश्वराची यात्रा)

गड्ड्याची, म्हणजे या यात्रेची, गर्दी बघा, इथं आकडा वाढतो, म्हणून ‘स्वेल्ड’. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, गल्लीगल्लीतून लोक येऊन मिळतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडायच्या वेळेपर्यंत पाय ठेवायला जागा राहत नाही. ‘द क्राउड स्वेल्ड.’ हलगीचा आवाज लांबून हळूहळू भरत येतो, त्यालाही स्वेलच. आणि ते बघून सोलापूरकराचा ऊर भरून येतो, ‘स्वेल विथ प्राइड’. तिथं छाती सुजली असं भाषांतर कोणी करू नये, प्लीज.

उलटं पण सांभाळा. पोरगी गाल फुगवून कोपऱ्यात बसली तर तिथं स्वेल चालत नाही, ती रुसलीय, इंग्रजीत ‘सल्क’.

(दृश्य : दवाखान्याचा बाकडा)

शेवटी परत पायाकडं येतो, कारण आपल्या घरात हा शब्द सगळ्यात जास्त दवाखान्यातूनच येतो. बाकड्यावर तीन बायका बसल्यात. तेलुगू बोलणारी म्हणते वापु, कन्नड बोलणारी म्हणते ऊत (‘ऊटा आयता?’ मधला ऊट म्हणजे जेवण, हा ऊत वेगळा), तिसरी म्हणते सूज. डॉक्टर अंगठ्यानं घोटा दाबून बघतात, खड्डा पडून तसाच राहतो का. मग विचारतात, दोन्ही पाय की एकच? कारण एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखत असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका येते, तिथं थांबून चालत नाही. केसपेपरवर तिघींच्याही नावाखाली एकच शब्द, स्वेलिंग, आणि त्याच्यापुढं डावा, उजवा, दोन्ही.