स्वभावाचे प्रकार आणि नात्यांतील गैरसमज

मित्रहो, माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने शरीरातील चार द्रवांच्या कमीअधिक प्रमाणावरून उल्हासी, तापट, विषण्ण आणि संथ असे स्वभाव सांगितले. आपल्याकडील वात-पित्त-कफाच्या प्रकृती आणि सत्त्व, रज, तम हे त्रिगुण तर बोलण्यात इतके मुरले आहेत, की एखाद्याला तामसी म्हणताना आपण एक सिद्धांत वापरत आहोत याचे भानही राहत नाही. १९२१ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मांडली. तिच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी, ज्यांच्यापैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. तीच आज एमबीटीआय या नावाने कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांपासून डेटिंग ॲपपर्यंत सगळीकडे भेटते. अशा चाचण्यांची मला चीड नाही. मात्र त्यांच्या निकालावर जोडीदार निवडणे किंवा नाते मोडणे हे मला धोक्याचे वाटते, आणि त्याची कारणे आधी सांगायला हवीत.

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन ठेवले. ते किती अचूक वाटते याला पाचपैकी गुण द्यायचे होते, सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर मिळाला होता आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातील वाक्ये जुळवून तयार केलेला होता. म्हणजे ‘अगदी माझेच वर्णन’ असे वाटणे हा वर्णन खरे असल्याचा पुरावा ठरत नाही. दुसरी अडचण मोजमापाची आहे. माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन गटांत विभागलेली नसतात. बहुसंख्य लोक मधल्या पट्ट्यात असतात. मध्यावर रेघ ओढली की तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा, म्हणजे जवळजवळ सारखेच असलेले दोघे, विरुद्ध प्रकारांत जाऊन पडतात. याच कारणाने काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली, तर पुष्कळांचा प्रकार बदललेला दिसतो.

संशोधक म्हणूनच प्रकारांऐवजी गुणांची मात्रा मोजतात. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. पुढील काही दशकांत अशा शब्दांचे संख्याशास्त्रीय पृथक्करण होत गेले आणि त्यातून पाच मोठे गुण हाती आले : बहिर्मुखता, सौजन्य, काटेकोरपणा, नव्याविषयीची उत्सुकता आणि भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, चिडचीड व उदासी चटकन उसळण्याचा कल. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे आपले म्हणणे सोळा प्रकारांपेक्षा या पद्धतीशी अधिक जुळते.

आता नात्यांकडे येऊ. श्रोत्यांकडून नेहमी येणारा प्रश्न असा, की सारख्या स्वभावाची माणसे सुखी होतात की विरुद्ध स्वभावाची? ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक विवाहित व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नात्यातील समाधानातल्या फरकांपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग जोडीदारांच्या स्वभावसाम्याने उलगडत होता. त्याहून कितीतरी अधिक वाटा प्रत्येकाच्या स्वतःच्या स्वभावाचा होता, आणि त्याखालोखाल जोडीदाराच्या. त्यापूर्वी, १९८७ मध्ये, लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली यांनी १९३० च्या दशकात वाङ्‌निश्चय झालेल्या ३०० जोडप्यांचा १९८० पर्यंत घेतलेला मागोवा प्रसिद्ध केला होता. त्यांनाही पती आणि पत्नी या दोघांची भावनिक अस्थिरता, तसेच पतीचा आवेगांवरील ताबा या गोष्टी संसाराच्या भवितव्याशी निगडित दिसल्या. थोडक्यात, ‘आमचे जुळते का’ या प्रश्नापेक्षा ‘मी ताणाखाली कसा वागतो’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, पण तो अडचणीचा असल्यामुळे आपण पहिल्याच प्रश्नाभोवती घुटमळत राहतो.

मग स्वभावाचे ज्ञान नात्यात नेमके कुठे कामाला येते? माझ्या मते ते हेतू तपासण्यासाठी कामाला येते. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी एका सार्वत्रिक चुकीला नाव दिले : दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या आत शोधतो आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो. जवळच्या नात्यात ही चूक आणखी पुढे जाते, कारण तिथे आपण वागण्यामागे केवळ स्वभाव पाहत नाही, आपल्याविषयीची भावनाही पाहतो. दिवसभर माणसांत राहून आलेली अंतर्मुख व्यक्ती घरी येऊन अर्धा तास गप्प बसते, तेव्हा तिच्या दृष्टीने ती विश्रांती असते. बोलण्यातूनच ज्याचा शीण उतरतो, त्या बहिर्मुख जोडीदाराला मात्र तो अबोला वाटतो, कारण तो स्वतः एवढा वेळ गप्प बसला असता तर केवळ रागानेच बसला असता. तो आपल्या मापाने दुसऱ्याचे मौन मोजतो आणि ‘काय झाले?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो. त्या प्रश्नांनी ती आणखी मिटते, आणि तिच्या मिटण्याने त्याची विचारपूस वाढते. एकाने पाठपुरावा करायचा आणि दुसऱ्याने माघार घ्यायची, या चक्राचा अँड्रू क्रिस्टेन्सन यांनी बारकाईने अभ्यास केला आहे. चक्रात सापडलेल्या प्रत्येकाला सुरुवात दुसऱ्यानेच केली असे प्रामाणिकपणे वाटत असते. इथे ‘गप्प राहणे हा तिचा विसावा आहे’ एवढे एक वाक्य माहीत असणे आणि ‘अर्ध्या तासाने बोलू’ एवढे एक वाक्य तिने उच्चारणे, यांनी पुष्कळ काही सुटते.

काटेकोरपणाची तऱ्हा वेगळी असते. वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्याला दुसऱ्याचा पसारा म्हणजे आपल्या कष्टांची किंमत नसणे वाटते. पसारा करणाऱ्याच्या तो नजरेलाही आलेला नसतो. सर्वांत फसवा गुण मात्र सौजन्याचा. ज्याला वाद नकोसा वाटतो तो प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणतो, समोरच्याला ते मनापासूनचे वाटते आणि काही वर्षांनी साठलेली नाराजी एखाद्या क्षुल्लक कारणावरून बाहेर पडते. अशा व्यक्तीला ‘तुला चालेल का?’ असे न विचारता ‘या दोहोंपैकी तुला काय हवे?’ असे विचारावे. दांपत्यजीवनाचे अभ्यासक जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे राहतात, कारण त्यांचे मूळ स्वभावातील फरकांत असते. मला हा आकडा निराशाजनक वाटत नाही. जे सुटणार नाही ते सोडवण्याच्या हट्टापायी होणारी भांडणे तरी त्यामुळे टळू शकतात.

स्वभावाचे लेबल ढालीसारखेही वापरले जाते. ‘मी अंतर्मुख आहे, मला कोणाची चौकशी करायला जमत नाही’ हे वाक्य आजकाल फार ऐकू येते. मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांचे म्हणणे असे, की प्रिय व्यक्तीसाठी किंवा महत्त्वाच्या कामासाठी माणूस आपल्या स्वाभाविक कलाच्या विरुद्ध वागू शकतो. नंतर त्याला सावरण्यापुरता एकांत मिळाला पाहिजे, एवढेच. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हणही पूर्ण खरी नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून या गुणांमधील फरकांचा जवळपास निम्मा भाग आनुवंशिक दिसतो, म्हणजे उरलेला निम्मा अन्य कारणांनी घडतो. वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत काटेकोरपणा आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मानसोपचारांनी सर्वाधिक बदल भावनिक स्थैर्यातच होतो असे आढळले. हे मात्र ज्याने त्याने स्वतःविषयी ठरवायचे असते. जोडीदाराला बदलण्याची मोहीम म्हणून हे आकडे कोणी घरी नेऊ नयेत.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. मारहाण, धमक्या, सततचा अपमान, पैशांवर किंवा येण्याजाण्यावर पाळत हे स्वभावाचे प्रकार नव्हेत. ‘तो तापटच आहे’ असे म्हणून ते समजून घेत बसू नये. तो तापट माणूस वरिष्ठांसमोर शांत राहत असेल, तर त्याला ताबा ठेवता येतो आणि घरी तो ठेवत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तिथे सहन करणाऱ्याने आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी आणि मदत मागावी. स्वभावाची चर्चा त्या परिस्थितीत गैरलागू आहे.