उतरा, सोलापूर आलं

(पहाट. सिद्धेश्वर तलाव. पाण्यात देवळाचं शिखर.)

सोलापुरात सूर्योदय बघायला कुठला पॉइंट चढावा लागत नाही. तळ्याच्या काठावर उभं राहिलं की झालं. मधोमध पाण्यात ग्रामदैवत सिद्धेश्वराचं देऊळ. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी इथंच. काठाला लागून भुईकोट किल्ला, बहामनी काळातला. डोंगराचा आधार नाही, म्हणून दुहेरी तट आणि भोवती खंदक.

संक्रांतीला इथं गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तेव्हा आमच्याकडं कॅमेरा नव्हता. ते पुन्हा कधीतरी.

(एसटी स्टँड. गाड्यांवरच्या पाट्या.)

पंढरपूर. तुळजापूर. अक्कलकोट. तिन्हीकडं निघालेली कितीतरी माणसं सोलापुरातनं जातात. स्टँडवर चहा घेतात, जमलं तर एखादी चादर, की पुढची गाडी. त्यांना आमचं सांगणं एवढंच, की भुकेले उतरा.

(चूल. थापणारे हात.)

ही मालदांडी ज्वारी. एम 35-1 हे तिचं नामांकित वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातलं, म्हणजे अगदी शेजारचं. रब्बीचं पीक. परतीचा पाऊस काळ्या रानात मुरतो, त्या ओलीवर आणि थंडीवर कणीस भरतं.

पिठात पाणी कढत. आता मावशींचे हात बघा. थापता थापता भाकरी फिरतेय, कड कुठंच जाड राहत नाही. जाड राहिली तर तिथं ओल धरते आणि सगळी चवड वाया जाते. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. साधी भाकरी असती तर एव्हाना ताटात पडली असती. हिचं निम्मंच काम झालंय. आच मंद करायची, फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी घालवायचं, मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. झाली की नाही, हे कानानं कळतं.

(भाकरीवर टिचकी. इथं निवेदन नाही.)

ही कडक भाकरी. महिनाभर कुठं जात नाही. आमटीत चुरायची, नाहीतर नुसती मोडून खायची.

(उखळ.)

आणि ही शेंगा चटणी. दाणे मंद भाजायचे, साल पाखडायची. लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट घालून कुटायचं, घाई न करता. मिक्सरचं पातं दाणा कापतं, मुसळ तो चेचतं. चेचला की तेल सुटतं आणि चटणी उखळाच्या बुडाशी चिकटायला लागते. मूठ आवळून सोडली तर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत. मिक्सरमधून निघतं त्याला आमच्याकडं कूट म्हणतात, चटणी नाही. वर दही घ्या. तेलही चालतं, पण या चटणीला ते मागावं लागत नाही.

यंत्रावरची चटणी स्वस्त पडते, आणि उखळ असलेली घरं कमी होत चालली आहेत.

(संध्याकाळ. पार्क चौक.)

हे चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला होता. 12 जानेवारी 1931 रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिली. पलीकडं गाड्यांवर दिवे लागलेत, तव्यांवर उलथनी वाजतायत. पोटात जागा उरली असेल तर इथं या.

(पुन्हा तीच चूल, विझत आलेली. मावशी भाकऱ्यांची चवड कागदात बांधतायत.)

गाडीत ही पिशवी मांडीवर घ्या. पायाशी ठेवली तर घरी चुराच पोहोचतो.