राजीनाम्याची दुसरी प्रत

श्रोतेहो, नमस्कार.

मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी नेमणूकपत्राबरोबर एक कोरा कागद पुढे आला. "खाली सही करा सर, तारीख राहू द्या." कारकून भला माणूस, बोलताना त्यानं मान वर केली नाही. मी सही केली. नोकरी हवी होती ना!

तो कागद म्हणजे माझा राजीनामा होता. मजकूर संस्था सवडीनं लिहिणार होती.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा आपल्या राज्याचा १९७७ चा कायदा तेव्हाही होता, मीच तो वाचला नव्हता. त्याचं कलम ७ काय म्हणतं? राजीनाम्याच्या दोन प्रती करा, दोन्हींवर सही आणि तारीख घाला, एक रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवा, दुसरी आपल्याजवळ ठेवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे काय बारकावे! मग तो कोरा कागद आठवला. संस्थेच्या कपाटातून निघालेल्या राजीनाम्याला पोस्टाची पावती कुठून येणार?

आता गुणांचं बघू. नापास मुलाला पास करा, असा निरोप येतो. तुम्ही नकार देता. मास्तरांनी दिलेले गुण कुणी बदलू नयेत, असं कलम या कायद्यात नाही, हे स्पष्ट सांगतो. पण नकाराची शिक्षा म्हणून कायम शिक्षकाला घरी पाठवायचं, तर लेखी आरोप ठेवावा लागतो, चौकशी करावी लागते. याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे चौकशी समितीत तिघं असतात : एक संस्थेचा, एक तुम्ही सुचवलेला आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षक. आरोपपत्रात गुणांचा उल्लेख अर्थातच नसतो, तिथं 'कर्तव्यात कसूर' असतं. म्हणून ती उत्तरपत्रिका, तो निरोप, तारीख, सगळं त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवा.

कामगार न्यायालयाच्या भरवशावर राहू नका. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये ठरवलं. आपलं दार शाळा न्यायाधिकरणाचं, म्हणजे १९७७ च्या कायद्यानं खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकायला नेमलेल्या न्यायपीठाचं. शाळेला अनुदान असो वा नसो, कलम ९ खाली तिथं अपील करता येतं. बडतर्फी असो, पदावनती असो, की ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला दिलेली बढती. न्यायाधिकरण पुन्हा कामावर घ्यायला सांगू शकतं, थकलेला पगारही देववू शकतं.

मुदत मात्र ३० दिवसांची, आदेश हाती पडल्यापासून. उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. पहिला आठवडा रडण्यात जातो, दुसरा अध्यक्षांच्या घरी खेटे घालण्यात, तिसऱ्यात कुणीतरी सांगतं, "थांबा, साहेब बोलणार आहेत."

आणि आदेश टपालानं आला, तर पाकीट फेकू नका. त्यावरचा शिक्का वाचता येतोय का, ते बघा.