औषध संपलं, जुलाब परत आले

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात आम्हा पशुवैद्यांकडे एक तक्रार हमखास येते. दोन-अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, नुकतंच घरी आणलेलं. खेळतंय, खातंय, पण शी काही घट्ट होत नाही. कधी शेणकाल्यासारखी, कधी शेंबडी, आणि वास तर असा की घरच्यांनी खिडक्या उघडाव्यात. जंताचं औषध पाजून झालं, चार दिवस बरं वाटलं, की पुन्हा तेच. मग विचारतात, "डॉक्टर, औषध बनावट होतं का हो?"

औषध बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण आपण ते कशासाठी दिलं आणि देऊन झाल्यावर घरात काय केलं, हे पाहावं लागतं.

पिल्लांच्या पोटात जंत असणं नवलाचं नाही. गोलकृमी तर आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसू लागतात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध सुरू करायचं असतं. पण आज ज्याच्याबद्दल सांगतोय, तो जिआर्डिया हा जंतच नव्हे. तो एका पेशीचा जीव, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्यानं 1681 साली स्वतःला जुलाब लागले असताना स्वतःचीच शी भिंगाखाली धरली, तेव्हा तो पहिल्यांदा माणसाच्या नजरेला पडला. असली चिकाटी आजही प्रयोगशाळेत फार दिसत नाही! तर, पिल्लांना नेहमी देतात ते जंताचं औषध, पायरँटेल, जिआर्डियाला काहीच करत नाही.

हा जीव लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो. अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, नीट शोषले जात नाहीत, म्हणून शी तेलकट आणि घाण वासाची. पुढे तो स्वतःभोवती कवच तयार करून शीतून बाहेर पडतो. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्यावर काही आठवडे तरी कुणाला बाधत नाहीत. जिआर्डियाचं कवच मात्र पडल्या क्षणापासून बाधतं. गारव्यात, ओलीत ते आठवडेच्या आठवडे टिकतं. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्याला सोसत नाही. आता आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट आठवा. गॅलरीत ऊन नाही, फरशी पुसली तरी ओलीच, गोणपाट दमट. त्यात पिल्लू आपलं ढुंगण चाटतं. शेपटीखालच्या केसांना चिकटलेली कवचं तोंडावाटे परत पोटात. औषधानं आतडं साफ केलं आणि पिल्लानं ते पुन्हा भरलं.

म्हणून आधी शीची तपासणी. ही कवचं रोज पडत नाहीत, तेव्हा एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तीन-चार दिवसांत तीन नमुने द्या. औषध सहसा फेनबेंडॅझोल, वजनाच्या मापानं, रोज एकदा, तीन ते पाच दिवस. दुसऱ्या दिवशी शी घट्ट झाली म्हणून मधेच सोडायचं नाही. घरातल्या कुणाच्या उरलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळीचा तुकडा तर मुळीच देऊ नका. मात्रा जास्त झाली तर पिल्लू झोकांड्या खायला लागतं.

औषधाच्या शेवटच्या दिवशी पिल्लाला शाम्पू लावून आंघोळ घाला. मागचे पाय, शेपूट, शेपटीखालचा भाग नीट चोळून धुवा. शिह त्झूसारखं केसाळ पिल्लू असेल तर तिथले केस कातरा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही त्याच दिवशी आंघोळ. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा आणि खडखडीत वाळवा. फरशी आधी साबणानं घासायची, मग बेन्झल्कोनियम या जंतुनाशकाचं द्रावण बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्यायचं, मग कोरडी करायची. फिनाइल मला पसंत नाही. पिल्लू फरशी चाटतं आणि ते पोटात जातं. शी पडल्या पडल्या उचलायची. या खटाटोपाला लोक कंटाळतात, हे मला माहीत आहे. पण यातलं काही गाळलं तर दुसऱ्यांदा औषध आणायची तयारी ठेवा.

दूध-पोळीही काही दिवस बंद करा. गाई-म्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना मानवत नाही, आणि निम्मा गोंधळ त्यानंच होतो. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी पुरे. लसूण कृपा करून देऊ नका, जंतावरचा उपाय म्हणूनही नाही. कुत्र्याला तो बाधतो.

आणि पिल्लू ओकत असेल, खाणं सोडलं असेल, शीत रक्त असेल, तर मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो पार्व्हो, म्हणजे विषाणूचा जीवघेणा आजार, असू शकतो. तिथे एक रात्रसुद्धा थांबायचं नसतं.

घरच्यांना हे लागतं का? कुत्र्यांमधले जिआर्डियाचे प्रकार बहुतांशी माणसांपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे सहसा नाही. तरी मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावा, पिल्लाला तोंड चाटू देऊ नका. खरं तर मुलांच्या बाबतीत मला गोलकृमींची काळजी जास्त वाटते.

शेवटी एक प्रश्न, जो फोनवर नेहमी येतो. "पिल्लू ठणठणीत आहे, पण रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह!" काही चाचण्या जिआर्डियाचे अंश शोधतात, आणि ते उपचारानंतरही कित्येक आठवडे शीत सापडतात. शी घट्ट आहे, वजन वाढतंय, मग केवळ त्या कागदासाठी औषधाचा तिसरा फेरा करू नका. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, आणि पुढच्या लसीला याल तेव्हा ती वही बरोबर आणा.

नमस्कार.