हायड्रोजन बस पाण्यावर चालत नाही हो!

नमस्कार मंडळी! पंख्याचा आवाज येत असेल तर चालवून घ्या, बडोद्याच्या मे महिन्यात पंखा बंद करून व्हिडिओ करायची माझी तयारी नाही.

मागच्या वेळी इलेक्ट्रिक बसबद्दल बोलताना हायड्रोजन बसचं नाव मी एकदाच, जाता जाता घेतलं. खाली कमेंटचा ढीग. "ताई, आपल्याकडे कधी येणार?" "ताई, हा तर फिरता बॉम्ब." आणि सगळ्यात जास्त, अक्षरशः डझनाने: "पाण्यावर चालणारी बस आली, आता पेट्रोलवाले बसले घरी!"

यावर बोलायचंच आहे. आधी बस कशी चालते ते उरकते, कारण ते सोपं आहे. टपावर टाक्या, त्यात 350 बार दाबाने, म्हणजे भोवतालच्या हवेच्या साधारण साडेतीनशेपट दाबाने, हायड्रोजन. तो जातो फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या पेटीत. तिथे प्लॅटिनमवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. मधल्या पडद्यातून प्रोटॉन पार होतो, इलेक्ट्रॉनला मज्जाव. मग तो तारेतून वळसा घालून पलीकडे येतो आणि त्या वळशावर मोटर बसवलेली. पलीकडे हवेतला ऑक्सिजन वाटच बघत असतो, तिघं भेटले की पाणी. जाळ नाही, धूर नाही. सोबत एक बॅटरी असतेच, चढाला जोर द्यायला आणि ब्रेक मारताना वीज परत घ्यायला. म्हणजे ही इलेक्ट्रिक बसच, फक्त वीज गाडीतच तयार होते. कल्पनाही आजची नाही, विल्यम ग्रोव्हने 1839 च्या सुमारास असा सेल करून दाखवला होता. झालं!

आता ते पाणी. पाणी या बसमध्ये जात नाही, बसमधून बाहेर येतं. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख आहे. आजीच्या चुलीतली राख परत चुलीत घालून भाकरी भाजली का कधी कोणी?

मी आठवीत हाच घोळ घातला होता. वाडीतलं आमचं जुनं घर, स्वयंपाकघराचा ओटा, रेडिओतून काढलेली नऊ व्होल्टची बॅटरी. पेन्सिलींचे दोन तुकडे दोन्ही टोकांना तासले, तारा बांधल्या, पेल्यातल्या पाण्यात बुडवले. शिशाच्या टोकावर मोहरीएवढाही नाही, खसखशीएवढा बुडबुडा बसला. जरा थरथरला, सुटला, वर गेला. मला वाटलं, मी बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरीच काढली घरात! मग जोर यावा म्हणून चमचाभर मीठ टाकलं. बुडबुडे खूप आले, पण दुसऱ्या टोकाकडून पोहण्याच्या तलावासारखा वास यायला लागला. मिठामुळे क्लोरीन सुटतो, हे तेव्हा कुठे माहीत! आईने पेला मोरीत उपडा केला आणि मला गॅलरीत.

पण खरी गोष्ट वेगळीच. संध्याकाळी बाबांनी बातम्या लावल्या तर रेडिओ मुका. बॅटरी संपलेली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मी तर नुसते बुडबुडे काढले!" बाबा खताच्या कारखान्यात होते. ते म्हणाले, "अगं, बॅटरी त्या बुडबुड्यांत गेली." बस, हेच मला सगळ्या कमेंटवाल्यांना सांगायचंय. पाणी फोडायला वीज लागते, आणि भरपूर लागते.

तरी पटत नसेल तर पावागढला चला. हायड्रोजन म्हणजे वर महाकालीच्या देवळाशी उभा असलेला माणूस. तो खाली येताना काम करून देतो. पाणी म्हणजे पायथ्याशी, चांपानेरला बसलेला माणूस. त्याला तुम्ही "उतर" म्हणालात तर तो उतरणार कुठे? आधी त्याला रोपवेने वर न्यायला हवं, आणि रोपवेचं तिकीट लागतं.

ते तिकीट किती? एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला साधारण 50 ते 55 युनिट वीज. तो किलो फ्युएल सेलमध्ये घातला की मोटरला मिळतात सोळा-सतरा युनिट. बाकीची गरम होण्यात गेली. बारा मीटरची बस शंभर किलोमीटरला आठेक किलो हायड्रोजन घेते, म्हणजे चारशेच्या वर युनिट. तेवढ्याच अंतराला बॅटरीवाली बस सव्वाशे-दीडशेत भागवते. बिल तुमच्या नावावर आलं असतं तर "पाण्यावर चालते" म्हणाला असतात?

फ्रान्समधल्या मॉनपेलिए शहराने 51 हायड्रोजन बस घ्यायचं ठरवलं होतं. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी हिशोब मांडला आणि बेत रद्द केला.

एका काकांनी विचारलंय, "एवढं पाणी सांडलं तर रस्त्यावर चिखल नाही का होणार?" काका, प्रश्न आवडला. किलोला नऊ लिटर, म्हणजे शंभर किलोमीटरला सत्तर-बहात्तर लिटर. पण बरंचसं वाफ होऊन जातं. आपल्याकडे पावसाळ्यात जे होतं त्यापुढे हे काहीच नाही, असो.

आणि बॉम्बवाले. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका, गळला तर भसकन वर जातो, म्हणून तर टाक्या टपावर. भीती निराळी आहे. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घालतात, तसा याला घालता येत नाही. त्या वासातलं गंधक प्लॅटिनमची वाट लावतं. वास नाही, ज्योतही दिवसा दिसत नाही. म्हणून सगळी मदार सेन्सरवर. डेपोत हे सेन्सर कोण तपासणार, हा प्रश्न विचारा ना!

मग ही बस कामाचीच नाही का? तसंही नाही. 25 सप्टेंबर 2023 ला दिल्लीत इंडियन ऑइलच्या हायड्रोजन बस चाचणीसाठी निघाल्या, लेहसाठी एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने वेगळ्या पाच आणल्या. लांबचा पल्ला, घाट, चार्जिंगला थांबायला वेळ नाही, तिथे ती शोभेल. बडोद्यातल्या बडोद्यात, मांडवी ते मकरपुरा फेऱ्या मारायला बॅटरी पुरते, रात्री डेपोत लावून ठेवा.

बरं, आज देशात जो हायड्रोजन बनतो तो बहुतेक नैसर्गिक वायूतून, किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडून. आपल्या बडोद्यात तो काही नवा नाही. कोयलीला डिझेलमधलं गंधक काढायला तोच, बाजव्याला खताच्या अमोनियात तोच. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन (म्हणजे सौर-पवन अशा स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेला) मिशन मंजूर केलं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य. मला विचाराल तर त्यातला पहिला टन बसगाड्यांना नाही, खताला द्यावा. खत बॅटरीवर बनत नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तीस वर्षं हेच सांगतोय, तेव्हा तुला कंटाळा यायचा."

आता तुमचा अभ्यास. दोन पेन्सिली, नऊ व्होल्टची बॅटरी, पेलाभर पाणी, आणि मीठ अजिबात नाही, चिमूटभर खायचा सोडा. खिडकी उघडी ठेवा. एका टोकाला दुसऱ्याच्या दुप्पट बुडबुडे येतील. बॅटरीच्या कुठल्या बाजूला येतात ते कमेंटमध्ये लिहा, आणि बॅटरी रेडिओतली काढू नका.