उभ्या गाडीचा फ्युएल फिल्टर: मीटर नको, पावसाळे मोजा

(रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाचनालयात गॅरेजचालकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘गाडी आठ वर्षांची झाली, पण मीटर बघा, अठरा हजारसुद्धा नाही. मग फिल्टर कशाला बदलायचा?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. गाडी गावच्या घरी आणि मालक मुंबईला. शिमगा, मे महिना, गणपती, एवढंच तिचं चालणं. बाकी वर्षभर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी. माझं म्हणणं असं की अशा गाडीचा फ्युएल फिल्टर, म्हणजे इंजिनाकडे जाणारं इंधन गाळणारा भाग, किलोमीटरवर ठरवायचाच नाही. तो पावसाळ्यांवर ठरवायचा.

रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पंपावरून आलेल्या कचऱ्याने भरतो. उभ्या गाडीचा कचरा टाकीतच तयार होतो. अर्धी टाकी रिकामी म्हणजे तेवढी आत हवा, आणि आपली जून ते सप्टेंबरची हवा किती ओली असते ते स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला विचारा. दिवसा टाकी तापली की हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की दमट हवा आत येते आणि टाकीला आतून दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ होतो. जुन्या पत्र्याच्या टाकीत शिवाय गंजही सुटतो. प्लास्टिकची टाकी गंजत नाही, पण पाणी तिच्यातही साठतं.

आताच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरांना जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या गाड्यांत, हा दाब १,५०० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) वर जातो. इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाच्या, आतल्या फटी काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्या भागांचं वंगण म्हणजे खुद्द डिझेल. तिथे पाणी पोचलं की वंगण तुटतं आणि धातू खायला लागतो. एका इंजेक्टरच्या पैशात कितीतरी फिल्टर येतात. म्हणून डिझेल गाडीला मी दर दुसऱ्या पावसाळ्यानंतर नवा फिल्टर सांगतो, मीटर काहीही दाखवो. गाडीच्या पुस्तकातही किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते, असंच लिहिलेलं असतं. त्यातली मुदत याहून कमी असेल तर पुस्तकाचं ऐका.

आता, नेमकं कधी? पुष्कळ जण आगोटीच्या कामांबरोबर, पावसाच्या आधीच फिल्टर बदलून टाकतात. मला ते पटत नाही. चार महिन्यांचं पाणी टाकीत नंतर साठणार आणि गाडी सुरू झाली की ते पहिल्यांदा नव्या फिल्टरवर येणार. त्यापेक्षा गणपतीत गाडी बाहेर काढायच्या आधी जुन्याच फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साठलेलं पाणी सोडा. मग गाडी चार दिवस चालू द्या, पुन्हा पाणी सोडा, आणि पाऊस सरल्यावर नवा फिल्टर बसवा. मधेच डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा लागला तर मात्र मुहूर्त बघू नका.

काढलेला फिल्टर तसाच फेकू नका. त्याच्या येणाऱ्या तोंडाकडचं डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओता आणि अर्धा तास हलवू नका. तळाला पाण्याचा थर वेगळा दिसतो, त्याची कड अगदी स्पष्ट असते. वर काळे तंतू तरंगताना दिसले तर टाकीत गाळ धरलाय, टाकी उतरवून धुवावी लागेल. तांबूस पूड खाली बसली तर गंज. आणि बाटलीत नुसतं स्वच्छ डिझेल असेल तर तुमची शेड कोरडी आहे, पुढच्या वेळी आणखी एक पावसाळा थांबलात तरी चालेल. ही बाटली बघितल्याशिवाय मी कुणालाही पुढची तारीख सांगत नाही.

नवा फिल्टर भरायला कॅनमधलं डिझेल वरून ओतू नका. ते न गाळलेलं थेट पुढे जातं. हातपंप मारून किंवा किल्ली दोनचारदा ऑन करून लाईनमधली हवा काढा.

पेट्रोलची गोष्ट वेगळी. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी स्वतःत धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि टाकीतला पंप तळाचंच आधी ओढतो. तसं झालं की फिल्टर बदलून काहीही होत नाही. टाकी रिकामी करा, ताजं पेट्रोल भरा. जुन्या गाडीत बाहेर लाईनवर फिल्टर असतो, तो दोनतीन वर्षांनी बदला, बाणाची दिशा बघून. इथेनॉल जुन्या टाकीचा थर सोडवतं, त्यामुळे पहिला फिल्टर लवकर चोंदू शकतो. नव्या बहुतेक गाड्यांत फिल्टर टाकीतल्या पंपालाच जोडलेला असतो. तो उगाच उघडू नका. आधी इंधनाचा दाब मोजून घ्या. आणि इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीची लाईन सोडताना पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि आतला दाब उतरवा. बंद शेडमध्ये हे काम नको.

एका ताईंनी विचारलं की फिल्टर चोंदलाय हे कळतं कसं. गावातल्या गावात कळत नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना इंजिनाला इंधन जास्त लागतं, तिथे गाडी उचल घेत नाही, झटके देते. पण तोवर थांबू नका, घाटात गाडी बंद पडणं हा जिवाशी खेळ आहे.

२०२१च्या जुलैत चिपळूणच्या पुरात जी गाडी बुडाली होती, ती नंतर कुणी विकत घेतली असेल तर पावसाळे मोजू नका. टाकी उतरवून बघितल्याची खात्री होईपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवू नका.

बाटलीतलं ते घाण डिझेल मात्र अंगणात ओतू नका. आपला जांभा दगड सच्छिद्र, ते झिरपत विहिरीपर्यंत जातं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि जळकं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.