हर्णैच्या लिलावात न दिसणारा टॅक्स

हर्णै बंदर, दापोली तालुका. लिलाव चालू झालाय, सुरमई, पापलेट, बांगडा, टोपल्या वाळूवर मांडल्यात आणि बोली चाललीय. या ताज्या मासळीवर जीएसटी शून्य आहे बरं का. मग बोटवाल्याचा टॅक्सशी संबंध काय? संबंध आहे ना, टाकीतल्या डिझेलमधून.

2017 ला जीएसटी आला तेव्हा डिझेल त्याच्या बाहेरच राहिलं, म्हणजे केंद्राचा अबकारी कर वेगळा आणि त्याच्यावर राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, वेगळा.

आता 2020 चा लॉकडाऊन आठवा. जगात कच्चं तेल मातीमोल झालेलं, आणि मे महिन्यात केंद्राने डिझेलवर लिटरमागे 13 रुपये टॅक्स वाढवला. पंपावर लगेच काही कळलं नाही, तेलच स्वस्त होतं, पण जूनपासून दर रोज थोडे थोडे चढत गेले. सरकारचीही अडचण होती म्हणा, धंदे बंद, जीएसटीची वसुली आपटलेली, खर्च वाढलेला, आणि असा टॅक्स वसूल करायला सगळ्यात सोपा. मोठा भाग सेसचा, म्हणजे ठरावीक कामासाठी लावलेल्या उपकराचा, त्यातला वाटा राज्यांना द्यावाच लागत नाही!

डिझेल महागलं की ट्रकवाला भाडं वाढवतो, मग घाटावरून येणारी भाजी महाग, बर्फ महाग, सगळंच महाग. बोटवाल्याला ते जमत नाही, त्याचा भाव लिलावात ठरतो, म्हणून टॅक्स त्याच्याच अंगावर बसतो.

एप्रिल 2022 ला देशातली किरकोळ महागाई 7.79 टक्क्यांवर गेली, तेव्हा मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचे 6 रुपये कमी केले, त्याआधी नोव्हेंबर 2021 ला 10 केले होते. मे मधल्या पेट्रोल-डिझेल मिळूनच्या कपातीने वर्षाला साधारण 1 लाख कोटींचा महसूल जाईल असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. आता कंपन्यांचं बघा, सप्टेंबर 2019 ला पणजीत त्यांचा टॅक्स 30 वरून 22 टक्क्यांवर आणायची घोषणा झाली होती, तिथे 1.45 लाख कोटी सोडले, आणि त्यातून नवे कारखाने किती उभे राहिले यावर अर्थतज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरचा व्हॅट परत देतं, पण आधी पूर्ण पैसे भरायचे, मग मच्छीमार सोसायटीमार्फत परताव्याची वाट बघायची. तो रखडला की व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, आणि उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, तो देईल त्या भावाने.